एकशे ऐंशी

ओव्हन बिघडलाय की माझं डोकं, एवढंच मला शोधून काढायचं होतं आणि त्यासाठी शनिवारी चार वाजेपर्यंतचा वेळ होता. चारला पुतणी येणार होती. रविवारी ती मला एक 'जागा' दाखवायला नेणार होती. जागा असंच म्हणायची ती. तिथे म्हणे बाग आहे, दिवसभर लक्ष ठेवणाऱ्या बायका आहेत आणि स्वयंपाकघराला कुलूप आहे. मी म्हटलं, बाग तुरुंगालाही असते. त्यावर तीच रडायला लागली आणि मलाच उठून तिला पाणी द्यावं लागलं.

आम्ही दोघी जावा. मी थोरली, एकाहत्तर वर्षांची. धाकटी माझ्याहून चार वर्षांनी लहान. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेले. मला मूलबाळ नाही, हिला एकच मुलगी, तीच ही पुतणी. आमचे हे गेले तेव्हा धाकटीनेच मला इथे आणलं. "ताई, एकट्या राहून भिंतींशी भांडत बसाल, त्यापेक्षा माझ्याशी भांडा," म्हणाली. त्याला अकरा वर्षं झाली. घर तिचं आहे, पण हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही.

आमची कामं वाटलेली होती. पीठ तिचं, ओव्हन माझा. तिच्या हातात मऊपणा आहे, माझ्या हातात नावालाही नाही, पण मला आकडे कळतात. एकतीस वर्षं मी कारखान्याच्या तपासणी खोलीत तापमापक तपासले आहेत. त्यामुळे बिस्किटं असोत की पाव, धाकटी ट्रे भरून द्यायची, मी बटण फिरवून एकशे ऐंशी लावायचे आणि दोघी चहा पीत बसायचो. अकरा वर्षं असं बिनबोभाट चाललं होतं.

मग दोन महिन्यांपूर्वी बिस्किटांचा कोळसा झाला. पंधरा दिवसांनी पावाचा. तिसऱ्या वेळी ट्रेमधल्या कागदानेच पेट घेतला, घरभर धूर, शेजारचे दार बडवायला लागले, धाकटी खोकून खोकून खाली बसली. तिन्ही वेळा मी एकशे ऐंशीच लावलं होतं. पण हे सांगणारी कोण, तर मीच. पुतणी माझ्याजवळ बसून अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, चुकून दोनशे ऐंशी लावलं असशील. होतं गं असं या वयात." ती ओरडली असती तर मीही ओरडले असते. असं हळू बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

आणि नुसता ओव्हन असता तर गोष्ट वेगळी. मोरीतला नळ रात्रभर चालू राहिला आणि खालच्यांच्या छतातून पाणी गळलं. बाहेरचं दार सकाळी सताड उघडं सापडलं. दुधाचं पातेलं गॅसवर करपून काळं झालं. प्रत्येक वेळी धाकटी म्हणाली, "मी नव्हते बाई तिथे." मग उरलं कोण? घरात आम्ही दोघीच. मला नळ सोडल्याचं आठवत नव्हतं, दार उघडल्याचं आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हाच तर पुरावा होता ना!

भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. सकाळी डोळे उघडले की मी अंथरुणातच स्वतःची परीक्षा घ्यायचे. सतराचा पाढा. कारखान्यातल्या सगळ्या साहेबांची आडनावं. काल काय जेवलो, परवा काय जेवलो. परवाची भाजी आठवली नाही की सतराचा पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. आता याला विसरणं म्हणायचं की भाजीच आठवण्यासारखी नव्हती? विचारणार कुणाला? धाकटीला विचारायची सोय नव्हती. तीही हल्ली माझ्याकडे वेगळंच बघायची, आणि मी बघितलं की नजर वळवायची. मला वाटायचं, ही मला घाबरते आहे.

शेवटी ओव्हन दुरुस्तीवाला बोलावला. तरुण, घाईतला. त्याने मागचं झाकण काढून थंड ओव्हनच्या सेन्सरला मीटर लावला, मान हलवली, दहा मिनिटं ओव्हन चालवून बघितला आणि झाकण लावून मोकळा झाला. "सेन्सर एकदम ओके आहे, आजी. बटण जरा चष्मा लावून फिरवत जा." आणि हसला मेला. पुतणी हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच संध्याकाळी ती बाग आणि त्या बायका आमच्या घरात आल्या.

"शनिवारी चारला येते," असं ती म्हणाली. "तोवर ओव्हनला हात लावू नकोस, काकू. शपथ आहे तुला माझी."

शनिवारी जेवणं झाल्याबरोबर मी ओव्हनला हात लावला. आधी प्लग काढला, मग टेबलावरचा तो ओव्हनचा धोंडा ओढून त्याची पाठ माझ्याकडे केली. कारखाना सोडताना मी माझा मीटर आणि एक स्टीलचा तबकडीवाला तापमापक घेऊन आले होते. रीतसर मागून घेतलेला, उगाच शंका नको. दहा स्क्रू काढून सेन्सर बाहेर काढला. बोटाएवढी धातूची कांडी, तिला मागे दोन तारांचं शेपूट. काम सोपं असतं त्याचं. कांडी तापली की मीटरवरचा आकडा उतरतो. आकडा खाली आला की ओव्हनला कळतं, आपण तापलो, आता थांबावं. आकडा वर राहिला तर त्याला वाटतं आपण अजून थंडच आहोत, आणि तो तापतच राहतो.

मी कांडी बर्फाच्या पाण्यात धरली. आकडा बरोबर. उकळत्या पाण्यात धरली. आकडा बरोबर. पुन्हा बर्फात, पुन्हा उकळत्यात. चारही वेळा अगदी चोख. एकतीस वर्षांत मला बरोबर आकड्याचा इतका राग कधी आला नव्हता. सेन्सर चांगला, म्हणजे बिघडलेली मी.

"ताई, काय करताय हो?" धाकटी दारात उभी होती.

"तुझ्या लेकीची शपथ मोडते आहे. ये इकडे, मदत कर."

एक शेवटचा उपाय उरला होता. ओव्हन पूर्ण तासभर चालवायचा आणि आत दुसरा तापमापक ठेवून खरा आकडा बघायचा. पण आमच्या तपासणी खोलीत एक नियम होता: जो लावतो तो वाचत नाही. लावणाऱ्याला हवा तोच आकडा दिसतो, म्हणून वाचायला दुसरा माणूस. आणि इथे तर मी जीव टांगणीला लागलेली बाई. मी वाचलेल्या आकड्यावर पुतणीने काय म्हणून विश्वास ठेवावा?

सेन्सर परत बसवला, झाकण लावलं, प्लग लावला, स्टीलचा तापमापक आतल्या जाळीवर काचेतून दिसेल असा ठेवला. मग एक कागद घेऊन त्यावर डाव्या बाजूला वेळा लिहिल्या. सव्वादोनपासून दर पाच मिनिटांनी एक, साडेतीनपर्यंत. धाकटीला स्टुलावर बसवलं, समोर घड्याळ ठेवलं.

"बटणावरचा आकडा बघायचा नाही. आतली तबकडी बघायची. काय दिसेल ते त्या वेळेसमोर लिहायचं. कळलं?"

"कळलं हो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मी तिच्या डोळ्यांसमोर एकशे ऐंशी लावलं, तिच्याकडून आकडा मोठ्याने वाचून घेतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. माझ्या घड्याळात पाच मिनिटं झाली की मी ओरडायचे, "किती?"

"साठ!"

"किती?"

"एकशे दहा!"

मग एकशे पासष्ट. मग एकशे ऐंशी. ठीक. पुढच्या वेळी पुन्हा एकशे ऐंशी. त्याच्या पुढच्या वेळीही. इथवर दुरुस्तीवाल्यालाही हेच दिसलं असतं. मी पदराचं टोक पिळत बसले होते. पावणेतीनला एकशे ऐंशी. तीनला दहा कमी असताना एकशे ऐंशी. तीनला ओरडताना माझा आवाज चिरकला, आणि आतून अगदी शांतपणे उत्तर आलं, "एकशे ऐंशी, ताई."

संपलं. मी डोळे मिटले. कपाटातल्या कुठल्या साड्या न्यायच्या ते मनात येऊन गेलं. त्या बायका मला काय म्हणतील, आजी की नावाने हाक मारतील? आणि एक दिवस मी त्यांना ओळखणार नाही, मग पुतणीला ओळखणार नाही, मग धाकटीला. मला ढसाढसा रडावंसं वाटत होतं, पण आत ऐकू गेलं असतं.

तेवढ्यात वास आला. करपल्याचा नाही, आत जळायला काही नव्हतंच. रिकामी कढई गॅसवर विसरली की येतो तसा, कोरडा, घशाला लागणारा. मी उठून धावले, माझ्या वयाला जमेल तेवढी.

स्वयंपाकघरात भट्टीसारखी धग होती. काचेतून तबकडी दिसत होती. काटा दोनशे सत्तरच्या पुढे होता. बटण एकशे ऐंशीवर होतं, मी ठेवलं तिथेच. आणि धाकटी स्टुलावर, काचेच्या समोर, कागद मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या कपाळावर घाम डवरला होता.

आधी मला काय झालं ते खरं सांगते. आनंद झाला. असा आनंद, की मी त्या गरम ओव्हनचा मुका घेतला असता. मी नाही! माझं डोकं शाबूत आहे! मग मी तिच्यावर खेकसले, "अगं बये, दोनशे सत्तर झालंय आणि एकशे ऐंशी काय ओरडतेस? बटणाकडे बघत होतीस ना? सांगितलं होतं तबकडी बघ म्हणून!"

मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. साठ, एकशे दहा, एकशे पासष्ट, आणि मग खाली सगळीकडे १८०. अगदी शेवटपर्यंत. सव्वातीनसमोर १८०, साडेतीनसमोर १८०. घड्याळात तीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी बोटाने शेवटच्या ओळी पुन्हा मोजल्या.

"हे पुढचे आकडे कुठून आणलेस?"

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला दोन महिने दिसत होती आणि मी तिचा अर्थ उलटा लावत होते. ती मला घाबरत नव्हती.

"ताई," ती म्हणाली, "आपण हे कशासाठी लिहितोय?"

मी प्लग ओढला. काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी जे येत होतं ते केलं. नळ. दार. पातेलं. 'मी नव्हते बाई तिथे.' एकामागून एक डोक्यात येत होतं आणि मी हाताने स्क्रू काढत होते. झाकण तापलेलं होतं, दोन बोटं भाजली, तरी थांबले नाही. ओव्हन निवला की त्याचा दोष लपणार हे मला दिसत होतं, आणि मग पुन्हा आमच्यातली एक वेडी ठरणार होती.

मीटरची टोकं तारांना लावली. इतक्या धगीला आकडा तळाशी असायला हवा होता. तो वर होता, खाली येत होता, पुन्हा वर उडत होता. कांडीच्या मागे, जिथे तारा आत शिरतात तिथली नळी मी पक्कडीने दाबली. आकडा तळाला गेला. पक्कड सोडली. आकडा वर. आता आलं ध्यानात! जोड तिथे सुटला होता. थंड असताना चिकटून राहायचा, तापला की फाकायचा. मी पाण्यात नुसतं टोक बुडवलं, शेपूट बाहेर कोरडं आणि थंड राहिलं. दुरुस्तीवाल्याच्या दहा मिनिटांत मागची बाजू तापलीच नव्हती. चूक त्याची तशी माझीही.

दार वाजलं. पुतणी पाऊण तास आधीच आली होती. मी कागदाची घडी करून कमरेला खोचली. धाकटीने जाऊन दार उघडलं आणि लेकीचा हात धरूनच आत आली.

"काकू! शपथ घातली होती ना तुला?"

"बोलू नकोस, बघ." मी तिच्या डोळ्यांसमोर पक्कड दाबली, सोडली, दाबली, सोडली. तिला आतली तबकडी दाखवली. काटा अजून दोनशे चाळीसवर होता. बटण दाखवलं. ती काही मूर्ख नाही. दोनदा बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे तू बरोबर लावत होतीस."

"तिन्ही वेळा."

"सॉरी काकू." तिने माझी भाजलेली बोटं हातात घेतली. मग त्याच हळू आवाजात, "पण नळ, काकू? आणि दार? ते तर ओव्हनने नाही ना केलं."

धाकटी लेकीच्या मागे उभी होती. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. नाही, नाही. जेमतेम दिसेल एवढीच. म्हणजे तिला ठाऊक होतं! सगळं नाही, पण आपल्याला काय होतंय ते ठाऊक होतं, आणि ती दोन महिने मला बोल खाऊ देत होती. माझं डोकं असं फिरलं म्हणता! चार दिवस आणखी गेले असते तर मी त्या बागेत बसले असते, स्वतःलाच वेडी समजून.

आणि ही इथे एकटी असती. गॅसपाशी.

ते मनात आल्यावर राग कुठल्या कुठे गेला. मी कमरेचा कागद काढून पुतणीला दिला.

"तीन वाजून दोन मिनिटांनी मी हातात घेतलेला कागद आहे हा," मी म्हटलं. "वेळा मी लिहिल्या आहेत. आकडे कुणी लिहिले ते बघ."

तिने वाचलं. वरून खाली, मग पुन्हा वरून. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेतीन अजून वाजायचे होते.

"ते ताईंनी लिहिलंय," धाकटी म्हणाली. "मी नव्हते बाई तिथे."

ओव्हन निवताना टकटक आवाज करत होता. मला वाटलं, आता हिने आईवर विश्वास ठेवला तर? नुसते आकडे आहेत, त्यावर कुणाची सही नाही.

पुतणी कागदाकडेच बघत होती. तिने एका १८० वर बोट ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "आठ असा खालून सुरू करून तूच काढतेस. मला तसाच शिकवलास. शाळेत बाई ओरडायच्या, तरी मी तसाच काढायचे. अजून काढते."

धाकटी खाली बसली, फरशीवरच. "मला नका पाठवू तिकडे," ती म्हणाली. "मी लक्ष देऊन लिहीन. पुन्हा लावा ओव्हन, मी नीट लिहीन." आणि मग लहान मुलासारखी रडायला लागली. पुतणी तिच्या शेजारी बसली, तिला जवळ घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. काकू, आता काय करायचं, असं तिला विचारायचं होतं. मला काय ठाऊक! तापमापकाचं असतं तर सांगितलं असतं.

गुडघे कुरकुरत होते, तरी मीही खाली बसले.

"कुणी कुठे जात नाही," मी म्हटलं. "मी आहे ना इथे. गॅसही माझा, नळही माझे. तू फक्त पीठ मळ." हे म्हणताना मी आधी कधी घाबरले नव्हते एवढी घाबरलेली होते. एकाहत्तर वर्षांची बाई किती दिवस पुरणार?

धाकटीने पदराने तोंड पुसलं. माझी भाजलेली बोटं तिला दिसली, तिने ती उचलून त्यांवर फुंकर घातली.

"कशाने भाजलं हो, ताई?"

"ओव्हनने."

"बिघडलाय?"

"हो. सांगितलं ना तुला आत्ता."

तिने ओव्हनकडे बघितलं. मग माझा हात घट्ट धरून, लेकीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मी उद्या विचारलं, तर पुन्हा सांगाल?"

"सांगेन."

"आणि परवा?"

"परवाही सांगेन, बये," मी म्हटलं. "ओरडेन आधी, पण सांगेन."